विंझरचा जमीनदार

उपेंद्रमामाची राजकीय कारकीर्द संपवणं त्याच्या विरोधकांना सव्वीस वर्षांत जमलं नव्हतं. आमच्या घरच्या तांदळाला ते एका फोटोत जमलं.

नोव्हेंबरातला शुक्रवार होता. सकाळी आठला त्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका भावी सरपंचाचं टक्कल कॉम्प्युटरवर भरून काढत होतो. भोरला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, आभार, श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनवर निघतं, फक्त रंग बदलायचा.

"शौनक," मामा म्हणाला, "उद्या सकाळी सातला माझं पद जाणार आहे. आज तुला काही काम आहे का?"

मामा कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एका समाजवादी पक्षाचा नेता आहे. आईला, म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीला, ते नाव उच्चारता येत नाही. कुणी विचारलंच तर ती "सासवडच्या पुढं" असं सांगून विषय संपवते. ब्याण्णव साली मामा तिकडे पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर म्हणून गेला. पोटॅश म्हणजे आपल्याकडे खताच्या दुकानात पोत्यात असतं तेच. राजकारणात तो थंडीमुळे आला. उणे अडतीस तापमानात गाडी बंद पडली, अख्ख्या रस्त्यावर एकच दार उघडं होतं, ते पक्षाच्या सभेचं. सभेला इतिवृत्त लिहिणारा माणूस नव्हता. माझे आजोबा, म्हणजे मामाचे वडील, भोरच्या कोर्टात कारकून होते, त्यामुळे मामाच्या हातात ते होतंच. त्यानं विषय क्रमांक, सूचक, अनुमोदक असं सगळं रेघा मारून लिहून दिलं. मागच्या सभेत आपण काय ठरवलं होतं हे त्या पक्षाला स्थापनेपासून पहिल्यांदाच कळलं. मग त्यांनी त्याला सोडलाच नाही. सचिव केला, पाच निवडणुकांना उभा केला. चार वेळा तो पडला, पाचव्यांदा दोनशे बारा मतांनी आला. गेली सहा वर्षं तो नेता आहे. विधानसभेत पक्षाचे तीन सदस्य. तिघं एकाच गाडीतून येतात, त्यामुळे पक्षात फूट पडायला जागा नाही, असं मामा म्हणायचा.

जागा होती. ती मार्गरेट ऑल्सन नावाच्या उपनेत्या बाईंना सापडली.

झालं होतं असं. तिकडे शहरातल्या कंपन्या गव्हाची शेतं विकत घेऊन ठेवतात आणि लांब बसून वाटा खातात. मामानं त्यांच्याविरुद्ध कायद्याचा मसुदा आणला होता. "शेत त्याचं, जो ते कसतो" ही त्याची घोषणा. निवडणूक सहा महिन्यांवर होती आणि या वेळी तिनाच्या दहा जागा होतील असं पेपरवालेसुद्धा म्हणत होते. अशा वेळी माणसानं गप्प बसावं. मामानं आम्ही पाठवलेल्या इंद्रायणीच्या भाताचा फोटो पक्षाच्या पानावर टाकला आणि खाली लिहिलं, "आमच्या भारतातल्या शेतावरचा तांदूळ."

हे वाक्य भोरमधलं प्रत्येक कुटुंब म्हणतं. ज्या कुटुंबानं शेतावर कधी पाय ठेवलेला नाही ते जरा मोठ्यानं म्हणतं.

ऑल्सनबाईंच्या ओळखीचा, तिकडे शिकणारा एक पुण्याचा विद्यार्थी होता. त्यानं दहा मिनिटांत सरकारी संकेतस्थळावरून सातबारा काढून दिला. गाव विंझर, तालुका वेल्हे, चार एकर भातखाचरं, मालक उपेंद्र विनायक आठल्ये. सातबारा ऑनलाईन झाल्याचा आमच्या शेतकऱ्यांना किती उपयोग झाला मला माहीत नाही. सस्कॅचेवानला झाला.

"पण ती जमीन तर आजोबांनी भिमाला देऊन टाकली होती ना?" मी म्हणालो.

"तोंडी," मामा म्हणाला.

भिमा आमची खाचरं वाट्यानं करायचा. एक्याऐंशी साली आजोबा बांधावर उभे राहून त्याला म्हणाले, "भिमा, आजपासून ही तुझी." दोघांनी गूळ खाल्ला आणि विषय संपला. आयुष्यभर कोर्टाच्या खिडकीत बसून लोकांना "आधी कागद आणा" म्हणणाऱ्या माणसानं स्वतः कागद केला नाही. आजोबा गेल्यावर वारस म्हणून मामाचं नाव आपोआप लागलं, आईनं आपला हक्क सोडला, आणि त्या कागदाकडे पुन्हा कुणी बघितलं नाही. भिमा गेला, त्याचा मुलगा हनुमंत गेला. आता हनुमंतची बायको सगुणाबाई ती खाचरं करते. दर वर्षी झोडणी झाली की तिच्याकडून नव्या तांदळाचं एक पोतं आमच्याकडे येतं.

"ते पोतं म्हणजे मालकाचा वाटा, असं ऑल्सनबाईंचं म्हणणं आहे," मामा म्हणाला. "पक्षाच्या कौन्सिलनं एक संधी दिलीय. कसणाऱ्या बाईंनी स्वतः व्हिडिओ कॉलवर येऊन सांगायचं, जमीन आमची, उपेंद्र मालक नाही. तुमच्या उद्या सकाळी सातला. तू दुभाषा."

"तूच का नाही सांगत इंग्रजीत?"

"मी आरोपी आहे. त्या विद्यार्थ्याची परीक्षा आहे. मराठी येणारा तिसरा माणूस सहाशे किलोमीटरवर आहे." मग मामा म्हणाला, "सव्वीस वर्षं, शौनक. आत्ता कुठं काहीतरी होणार होतं रे."

हे तो भाषणातल्या आवाजात म्हणाला असता तर मी हसलो असतो. तो साध्या आवाजात म्हणाला.

आईला सांगितलं तर ती कढई आपटत म्हणाली, "पोतं म्हणजे वाटा? उद्या दिवाळीचा फराळ म्हणजे घरपट्टी म्हणतील!" आणि सगुणाबाईंसाठी चिवड्याचा डबा माझ्या हातात दिला.

कापूरहोळ, कामथडी करत नसरापूरवरून आत वळलो आणि अकराच्या सुमाराला विंझरला पोचलो. सगुणामावशी खळ्यावर होत्या. पासष्टीची बाई, पदर खोचून भाताची पेंढी लाकडी फळीवर झोडत होती. मी सगळं सांगितलं. कॅनडा, कौन्सिल, ऑल्सनबाई, उद्या सात.

"म्हंजी म्या काय बोलायचं?"

"एकच वाक्य. जमीन आमची, उपेंद्र मालक नाही."

मावशींनी आणखी दोन पेंढ्या झोडल्या. "न्हाई बोलनार."

मला वाटलं समजलं नसेल. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"आरं, म्या काय भैरी हाय का? कळलं मला. न्हाई बोलनार."

त्यांनी बांधापलीकडे हात केला. तिथं एका फार्महाऊसचं हिरवी जाळी लावलेलं कुंपण होतं, लोखंडी गेट होतं, आणि आत निळ्याशार पाण्याची टाकी होती. पोहण्याचा तलाव.

"ते निळं पानी दिसतंय न्हवं? तितं आमची स्वताची दोन एकर व्हती. ह्यांच्या नावाची. हे गेलं आन कुमारचं नाव लागलं, माजं लागलं. आठ म्हयन्यात त्यानं माजा अंगठा घेतला. रेशनचा कागद हाय म्हनला. आन इकली."

कुमार म्हणजे त्यांचा मुलगा, चाळिशीचा. तो आता त्याच फार्महाऊसवर रात्रपाळीचा वॉचमन आहे. जिथं त्यांची मिरची असायची तिथं गेट आहे. स्वतःच्या शेतात येणाऱ्या प्रत्येक गाडीला तो सलाम ठोकतो.

"मग ही चार एकर कशी राहिली?" मी विचारलं.

"तुज्या मामामुळं. दर म्हयन्याला येजंट येत्यात. कुमार सातबारा दावतो. ते वाचत्यात आन म्हनत्यात, मालक कुटं? कॅनडा म्हनलं की गाडी वळवून जात्यात. तुजा मामा तितं थंडीत बसलाय, आन त्याचं नाव हितं राखन करतंय. आमच्या कुत्र्यापरीस बरं करतंय."

"पण कुमारला माहीत असेल ना, आजोबांनी जमीन दिली होती ते?"

"त्याला म्या सांगीन व्हय! त्याला वाटतं आपन वाट्यानं करतो. म्हून तर पोतं धाडते. त्याच्या म्होरं भरते, त्याच्याच गाडीवर घालते. मालकाचा वाटा पोचवून ये म्हनते."

इतकी वर्षं मी तो तांदूळ माया म्हणून खाल्ला होता. ते निघालं नाटकातलं सामान.

मी म्हणालो, तुमच्या एकटीच्या नावावर करू. त्या म्हणाल्या, माज्या नावावर म्हंजी कुमारच्याच. मी म्हणालो, नातीच्या, शिवानीच्या नावावर. त्या म्हणाल्या, ती चौदाची हाय, तिचा पालक कोन? कुमारच. माझ्याकडचं कायद्याचं ज्ञान इथं संपलं. ते दोनच वाक्यांचं होतं.

"मावशी, मामाचं पद जाईल."

"पद गेल्यावर मानूस जेवतो का न्हाई?"

"जेवतो."

"मग?"

त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली.

"उपेंदरदादा वंगाळ न्हाईत. ल्हानपनी झोडनीला यायचं. एक पेंढी झोडायचं आन दोन दिस झोपायचं. त्यांच्यासाटी फोनवर येते म्या. पर ते वाक्य न्हाई बोलनार. बोलले आन कुमारच्या कानावर गेलं, तर म्होरल्या दिवाळीपत्तुर हितं बी निळं पानी."

फ्लेक्सच्या धंद्यात माणूस एक गोष्ट शिकतो. गिऱ्हाईक काय बोललं आणि बोर्डावर काय आलं, यांचा संबंध असायलाच पाहिजे असं नाही.

"मावशी," मी म्हणालो, "तुम्ही मराठीत मनातलं बोला. मालक उपेंद्रच, असं खुशाल बोला. इंग्रजी मी बोलतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आन तू काय बोलनार?"

"त्यांना जे ऐकायचंय ते."

"कुमारला इंग्लिस येतं?"

"टॉवेल, पार्किंग आणि नो म्युझिक. तेवढंच."

"मग बोल की. तुज्या तोंडाला म्या कुलूप घालू का?" आणि त्यांनी चिवड्याच्या डब्याचं झाकण उघडून वास घेतला. ठरलं.

मामाला मी फक्त "बाई येतायत" एवढाच मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, "त्यांचे उपकार." मी फोन खिशात ठेवला. उपकाराचं काय करायचं ते उद्या बघू म्हटलं.

शनिवारी पावणेसातला मी पुन्हा विंझरला होतो. विंझरच्या त्या टोकाला रेंज एकाच ठिकाणी येते, पेंढ्याच्या गंजीजवळ. मी फोन गंजीत खुपसून उभा केला. समोर खुर्ची ठेवली. मावशी धुवट नऊवारी नेसून बसल्या. गंजीजवळून फार्महाऊसचं गेट सरळ दिसत होतं. गेटावर कुमार, खाकी कपड्यांत, गळ्यात शिट्टी. त्याची पाळी सातला सुटते. दुसरा वॉचमन रोज दहा मिनिटं उशिरा येतो, तो आला की कुमार गाडीला किक मारतो आणि पाच मिनिटांत घरी.

"पंधरा मिन्टं हायत," मावशी म्हणाल्या. "उरकायचं."

सातला पडदा उजळला. एक मोठं टेबल, भोवती सतरा माणसं, अंगात स्वेटर. टेबलाच्या टोकाला मामा. फोटोतल्यापेक्षा बारीक दिसत होता. ऑल्सनबाईंना मी मनात बरंच उग्र करून ठेवलं होतं. निघाल्या हातानं विणलेल्या स्वेटरातल्या गोल चेहऱ्याच्या बाई. आमच्याकडच्या कुठल्याही हळदीकुंकवात खपल्या असत्या.

"नमस्कार," अध्यक्षस्थानी बसलेले म्हातारे गृहस्थ म्हणाले. "आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करू."

ही शिस्त पक्षाला मामानंच लावली होती. त्यांनी इतिवृत्त वाचलं. अख्खं. विषय क्रमांक चार पार्किंगबद्दल होता, त्यावर दोघांची हरकत होती, ती नोंदवली गेली. सात वाजून आठ मिनिटांनी दुसरा वॉचमन सायकलवरून गेटाशी आला. मामा टेबलावर एकच पेन्सिल सरळ करत होता, पुन्हा सरळ करत होता. सात अकराला इतिवृत्त कायम झालं.

"बाईंना विचारा," ऑल्सनबाई मला म्हणाल्या, "त्या कसतात ती जमीन कुणाची आहे?"

मी विचारलं. मावशी फोनकडे वाकल्या.

"उपेंदरदादा, ऐकताय न्हवं? मालक तुमीच. कागदावर तुमीच ऱ्हावा. तुमचं नाव निगालं की कुमार इकतो. ह्यांची दोन एकर इकली तशी. हे बगा, ते निळं पानी दिसतंय का मागं?"

मामाच्या हातातली पेन्सिल थांबली. सतरा माणसांत एकट्यालाच हे कळलं होतं.

"त्या म्हणतायत," मी इंग्रजीत म्हणालो, "जमीन आमची आहे. यांच्या वडिलांनी माझ्या सासऱ्यांना दिली. उपेंद्र मालक नाहीत."

भाषांतर म्हणून हे साफ खोटं होतं आणि इतिहास म्हणून साफ खरं. अशी सोय माणसाला आयुष्यात एकदाच मिळते.

"आणि ते पोतं?"

"पोतं म्या कुमारला दावायला धाडते."

"त्या ते प्रेमानं पाठवतात."

टेबलावर कुणीतरी हळूच टाळी वाजवली. मग आणखी दोघांनी. ऑल्सनबाईंनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला, आणि मामाकडे वळून म्हणाल्या, "मग माझी चूक झाली, उपेंद्र. मी माफी मागते." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. म्हणूनच त्या पुढचं वाक्य बोलल्या. "मी ठराव मांडते. आपल्या नेत्यानं तीस दिवसांत ही जमीन रीतसर या बाईंच्या नावावर करून द्यावी. कागदही आपल्या घोषणेसारखा होऊ दे."

अनुमोदन मिळालं. हात वर जायला लागले. मामाचा हात टेबलावरच होता. गेटाशी कुमारनं बॅटरी दुसऱ्या वॉचमनच्या हातात दिली आणि गाडीला किक मारली.

"बाईंना सांगा ना," ऑल्सनबाई हसून म्हणाल्या. "त्यांना चालेल ना?"

"मावशी," मी म्हणालो, "ते म्हणतायत, तीस दिवसांत जमीन तुमच्या नावावर."

मावशी खुर्चीतून उठल्याच. "न्हाई! न्हाई म्हन त्यास्नी! आरं बगतोस काय, माज्या नावावर नगं म्हन!" आणि दोन्ही हात हलवत, मान हलवत त्या थेट फोनसमोर आल्या. मान हलवण्याचं भाषांतर लागत नाही.

"त्या भारावून गेल्यात," मी म्हणालो.

माझ्या मागे गाडी थांबली.

"शौनकराव, सकाळसकाळ हितं?" कुमारचा आवाज आला. शिट्टी अजून गळ्यातच होती. "आये, काय नावावर? कुनाच्या नावावर काय व्हतंय?"

गंजीतून पेंढ्याची एक काडी फोनवर पडली.

"हा त्यांचा मुलगा का?" पडद्यावरून अध्यक्ष म्हणाले. "उत्तम. त्यालाही सांगा, की जमीन आता त्यांची होणार आहे."

सतरा माणसं पुढे झुकली होती. इकडे कुमार माझ्या तोंडाकडे बघत होता. माझ्याकडे दोन भाषा होत्या आणि त्यातली एकही तोंडातून निघत नव्हती. मावशींनी माझा दंड धरला, इतका घट्ट की नंतर दोन दिवस तिथं वळ होता.

"शौनक," मामा मराठीत म्हणाला. "फोन कुमारकडे वळव."

मी फोन गंजीतून काढला आणि वळवला.

मामा विधानसभेतसुद्धा हळू बोलतो, अशी त्याची ख्याती आहे. त्या दिवशी तो उभा राहिला आणि त्यानं टेबलावर हात आपटला.

"कुमार! ओळखलंस का मला?"

कुमार दचकून ताठ झाला. "व्हय, मालक."

"बरोबर. मालक. या जमिनीचा मालक मी आहे! कुणाच्या नावावर काही होत नाही. मी जिवंत आहे तोवर ही माझ्याच नावावर राहील. तुझी आई कसेल, तुझा यात काडीचा संबंध नाही. एजंट बांधावर दिसला तर मी दुसऱ्याला वाट्यानं देईन. पोतं वेळेवर पोचलं पाहिजे. कळलं?"

"कळलं, मालक," कुमार म्हणाला. आणि सवयीनं त्यानं टाच जुळवून कडक सलाम ठोकला.

सतरा समाजवाद्यांनी तो सलाम बघितला.

मग ऑल्सनबाईंनी विचारलं, "उपेंद्र, तू आत्ता त्या माणसाला काय सांगितलंस?"

"ते म्हणाले की..." मी सुरू केलं. माझ्याकडे तयार होतं. स्वागत, अभिनंदन, शेतकरी बांधव.

"थांब, शौनक," मामा म्हणाला. "इतिवृत्तात बरोबर जाऊ दे."

आणि त्यानं स्वतःच इंग्रजीत सांगितलं, कारकुनाच्या मुलासारखं, क्रमानं. मी त्याला सांगितलं की मालक मी आहे. त्याचा हक्क नाही असं सांगितलं. धान्य वेळेवर पाठव म्हणालो. त्यानं मला मालक म्हटलं आणि सलाम केला, तो तुम्ही बघितलाच. माझ्या भाच्यानं बाईंचं बोलणं बदलून सांगितलं. बाईंना जमीन नावावर नको आहे. माझं नाव निघालं तर ती विकली जाईल आणि त्यांच्या हातात काही उरणार नाही. त्यांनी मला मालक राहायला सांगितलंय.

हे इंग्रजीत होतं. कुमार सलामातच उभा होता.

"मग हेच लोकांना सांगू या," एक तरुण मुलगी म्हणाली. "लोक समजून घेतील."

"लोकांना सांगितलं की ते पक्षाच्या पानावर येणार," मामा म्हणाला. "आणि आपल्या पानावरचं विंझरला पोचायला दहा मिनिटं लागतात, हे आपण या महिन्यात शिकलोय."

ऑल्सनबाई म्हणाल्या, वकील करू, विश्वस्त नेमू, काहीतरी व्यवस्था करू. मामा म्हणाला, होईल, पण आमच्याकडे त्याला तीन वर्षं लागतील आणि निवडणूक सहा महिन्यांवर आहे. तोवर मी लांब बसून जमीन ठेवणारा मालक आहे. माझ्याच मसुद्यातल्या कलम दोनमधला. तो मसुदा माझ्या तोंडून कोण ऐकून घेईल?

याला उत्तर असतं तर त्या बाईंनी दिलं असतं.

"लिहून घ्या," मामा म्हणाला. "नेत्याकडे शेतजमीन आहे. नेता राजीनामा देत आहे. सूचक, उपेंद्र आठल्ये. अनुमोदक?"

एकही हात वर गेला नाही. एक मिनिट गेलं. अनुमोदनाशिवाय ठराव पुढे जात नाही, हेही त्यांना मामानंच शिकवलं होतं. तो उभाच होता, वाट बघत. शेवटी ऑल्सनबाईंनी हात वर केला. मान खाली होती.

फोन बंद होण्याआधी मामा मराठीत म्हणाला, "सगुणावहिनी, येतो." मावशींनी पदर डोक्यावर घेतला आणि पडद्याला हात जोडले.

कुमारनं सलाम सोडला. "लई भडकलं का मालक?"

"लई," मी म्हणालो.

"बरूबर हाय. मोटं मानूस हाय," कुमार म्हणाला, आणि दात घासायला गेला.

मावशी खुर्चीवर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "जेवतील न्हवं ते आज?" मी म्हणालो, तिकडे रात्र आहे, जेवले असतील. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं.

डिसेंबरात पोतं आलं. कुमारनं गाडीवरून आणलं, दारात उतरवलं आणि आईला म्हणाला, "मालकांना कळवा, येळेवर पोचलं." मामा आता पक्षात इतिवृत्त लिहितो. दहा जागांचं काय होतं ते उन्हाळ्यात कळेल. ऑल्सनबाई मसुदा घेऊन गावोगाव फिरतायत आणि कलमं अडली की त्यालाच फोन करतात. भाताचे फोटो तो टाकत नाही.

जानेवारीत मावशींचा दुकानात फोन आला. "बाळा, फलेक्स पायजे. मोटा. रस्त्यावरनं वाचता आला पायजे. आन मालकांचा फोटू."

मामाचा मोठ्या आकारात छापता येईल असा एकच फोटो निघाला, पक्षाच्या अधिवेशनातला. उजवी मूठ वर, तोंड उघडं, कपाळावर शिरा. मी मूठ कापून बघितली, तर नुसताच ओरडणारा माणूस दिसायला लागला. म्हणून ठेवली. खाली लाल अक्षरांत टाकलं: "सदर जमीन श्री. उपेंद्र विनायक आठल्ये (कॅनडा) यांच्या मालकीची आहे. खरेदी-विक्रीसाठी कुणीही चौकशी करू नये." एवढ्या वर्षांत 'भावी' शब्द नसलेला मी छापलेला हा जिवंत माणसाचा पहिलाच फ्लेक्स.

बोर्ड लावायला कुमारच आला. बांधावर दोन खांब रोवले होते, फार्महाऊसच्या गेटासमोरच. तो तार पिळत होता, मी खालून वाकडं-सरळ सांगत होतो.

"शौनकराव, मालक एवडं का वरडत्यात फोटूत?"

"भाषण करतायत."

"कशावर?"

"शेतीवर."

कुमारनं दोन पावलं मागे जाऊन मुठीकडे बघितलं. मग पुढे होऊन तारेला आणखी एक पीळ दिला.

"वाऱ्यानं पडाया नगं," तो म्हणाला.